पाताळ किती खोल आणि पाणी किती खोल?

दर वर्षी वैशाख लागला म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो. विहिरीचे पाणी तळाला गेले. म्हणून दोनशे फूट बोअर घेतले, ते कोरडे गेले. चारशे फुटांवर नुसती ओल लागली. आता आणखी दोनशे फूट खाली जावे की न जावे? यंत्र दारात उभे असते, मजूर खोळंबलेले असतात, उभे पीक माना टाकीत असते, आणि जवळ उभा असलेला कोणी तरी म्हणतो, "पाताळात पाणी असतेच, पोहोचले पाहिजे एवढेच." या एका वाक्याच्या भरवशावर किती घरांतील दागिने गहाण पडले आणि किती बांधांवरचे शेजारी एकमेकांस पारखे झाले, हे खेड्यांत राहणारांस सांगावयास नको.

तेव्हा आपल्या शेताखाली खरोखर आहे तरी काय, आणि त्यातील कितव्या मजल्यावर पाणी आहे, याचा एकदा मुळापासून विचार करावा, असे आम्हांस वाटले. प्रस्तुत लेखात प्रथम पृथ्वीच्या पोटातील थरांची हकिगत देऊन मग आपल्या विहिरीकडे येण्याचा आमचा विचार आहे. ही वाट थोडी लांबची आहे. परंतु तिने गेल्यावाचून वरील प्रश्नाचे उत्तर मनास पटत नाही.

आपल्या पूर्वजांनी भूमीखाली अतलापासून पाताळापर्यंत सात लोक कल्पिले होते. आजचे शास्त्र मजल्यांची संख्या निराळी सांगते; पण पृथ्वी ही आतून एकजिनसी नसून थराथरांची आहे, ही गोष्ट मात्र शास्त्रासही मान्य आहे. फरक इतकाच की, शास्त्राने हे थर मोजले आहेत.

बांधावरून चालत गेल्यास

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून तिच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर भरते. एवढा आकडा ऐकून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून आमची वाचकांस अशी विनंती आहे की, त्यांनी आपल्या बांधावर उभे राहावे, आणि एक पाऊल म्हणजे खोलीचे दहा किलोमीटर असे धरून ६३७ पावले चालावयास निघावे.

पहिली तीनचार पावले टाकली की भूकवच संपते. ज्यावर आपण राहतो, पेरतो, धरणे बांधतो, ते हे कवच भूखंडांखाली सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाडीचे आहे. महासागरांच्या तळाखाली ते अवघे सहासात किलोमीटर आहे. पुढे २८९ व्या पावलापर्यंत प्रावरण नावाचा थर लागतो. पृथ्वीच्या आकारमानापैकी चारपंचमांशांहून अधिक भाग या एका थराने व्यापलेला आहे. तो लोह व मॅग्नेशियमयुक्त जड खडकाचा आहे. २८९ पासून ५१५ व्या पावलापर्यंत बाह्य गाभा लागतो. तो मुख्यतः लोखंडाचा, काही निकेलचा, आणि वितळलेला आहे. ५१५ व्या पावलापासून मध्यबिंदूपर्यंत अंतर्गाभा आहे. तोही लोखंडाचाच, परंतु घन. तेथील उष्णता ५,००० अंश सेल्सियसच्या वर असावी, असा अंदाज आहे. इतक्या उष्णतेत लोखंड घन कसे राहते, अशी शंका साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, तेथे वरच्या सर्व थरांचा भार इतका प्रचंड आहे की लोखंडास वितळण्यास अवसरच मिळत नाही.

आता याच मापाने आपले शेत मोजू. पाऊल अडीच फुटांचे धरले, तर सहाशे फुटांचे बोअर म्हणजे त्या पावलातील जेमतेम दीड सेंटिमीटर, बोटाच्या रुंदीएवढे अंतर होईल. चाळीस फुटांची विहीर खसखशीच्या दाण्याएवढी भरेल. आणि दहा फूट जाडीची उत्तम काळी जमीन दोनचार कागद एकावर एक ठेवावेत एवढी होईल. आपले सारे पीकपाणी, कर्ज आणि वाटण्या या कागदांच्या जाडीवर चाललेल्या आहेत!

हे कळले कसे?

कोणी खाली जाऊन पाहून आले काय, असा प्रश्न वाचक करतील, आणि तो योग्यच आहे. मनुष्य स्वतः गेला आहे तो फार थोडा. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग येथील सोन्याची खाण सुमारे चार किलोमीटर खोल आहे. आपल्याकडील कोलारची खाण सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेली होती. ती २००१ साली बंद झाली. यंत्राने पाडलेले सर्वांत खोल भोक रशियाच्या कोला द्वीपकल्पात आहे. १९७० साली सुरू झालेले ते काम १९८९ साली १२,२६२ मीटरांवर पोहोचले. तेथे उष्णता अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक, म्हणजे १८० अंशांच्या आसपास निघाली, खडक यंत्रास दाद देईना, आणि पुढे ते काम सोडून द्यावे लागले. इतक्या वर्षांची ही खटपट आपल्या बांधावरच्या हिशेबात सव्वा पाऊल होते.

मग उरलेल्या सहाशे छत्तीस पावलांची वार्ता आणली कोणी? ती आणली भूकंपांनी. कलिंगड पिकले की नाही हे आपण त्यास न कापता, टिचकी मारून ओळखतो. विहीर खोदणारा वडार पहार आपटून आवाजावरून सांगतो की, पुढे खडक भरीव आहे की पोकळ. पृथ्वीच्या बाबतीत टिचकी मारण्याचे काम भूकंप करतो, आणि कान लावून बसण्याचे काम जगभरची भूकंपमापक यंत्रे करतात.

भूकंपाच्या लाटा मुख्यतः दोन जातींच्या असतात. आगगाडीच्या एका डब्यास मागून धक्का दिला असता तो जसा डब्याडब्यांतून पुढे जातो, तशी पहिली लाट दाबत दाबत जाते; ती घन व द्रव या दोहोंतूनही जाते. दुसरी लाट मोटेचा नाडा हिसडला असता त्यातून जशी वळवळ पुढे सरकते, तशी आडवी हलत जाते. पाण्यास असा हिसडा देता येत नाही. म्हणून ही दुसरी लाट द्रवातून जाऊ शकत नाही. एवढा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढची हकिगत सोपी आहे.

या हकिगतीचा आरंभ हिंदुस्थानातच झाला, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल. १२ जून १८९७ रोजी आसामात मोठा भूकंप झाला. त्याचा तपास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी केला. दूरदूरच्या यंत्रांवरील नोंदी ताडून पाहता त्यांस या लाटांच्या जाती वेगवेगळ्या ओळखता आल्या. आणि १९०६ साली त्यांनी असे दाखविले की, पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या लाटा अपेक्षेहून मंद होतात, अर्थात मध्यभागी निराळ्या पदार्थाचा गाभा असला पाहिजे. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियात झागरेबजवळ भूकंप झाला. त्यावरून मोहोरोविचिच या विद्वानाने कवच व प्रावरण यांमधील सीमा शोधून काढली. १९१३ च्या सुमारास गुटेनबर्ग यांनी गाभ्याची खोली सुमारे २,९०० किलोमीटर ठरविली. दुसऱ्या जातीची लाट गाभ्यातून पार होत नाही; यावरून आणि इतर प्रमाणांवरून १९२६ साली जेफ्रीज यांनी गाभा द्रव असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १९२९ साली न्यूझीलंडात झालेल्या एका भूकंपाच्या लाटा, जेथे येऊ नयेत तेथे आलेल्या, डेन्मार्कमधील इंगे लेमन या विदुषीस आढळल्या. त्यावरून १९३६ साली त्यांनी द्रव गाभ्याच्या आत आणखी एक निराळा गाभा असल्याचे सिद्ध केले. तो घन असल्याचे पुढे ठरले. अशा रीतीने एकही कुदळ न मारता पृथ्वीचे चारही मजले उघड झाले.

खाली लाव्ह्याचा समुद्र नाही

आता एका सार्वत्रिक गैरसमजुतीचा उल्लेख केला पाहिजे. कवचाखाली सर्वत्र लाव्ह्याचा रस उकळत आहे, असे पुष्कळ सुशिक्षित लोकही समजतात. ते खरे नव्हे. प्रावरण हे घन खडकाचे आहे. भूकंपाची दुसरी लाट त्यातून जाते, हाच त्याचा पुरावा. मात्र उष्णतेमुळे तो खडक लाखो वर्षांच्या मानाने मेणासारखा हळूहळू सरकतो. असा तप्त खडक वर चढू लागला की त्यावरील भार कमी होतो, आणि भार कमी झाला की त्यातील काही अंश वितळतो. तो वितळलेला रस म्हणजे लाव्हा.

महाराष्ट्राच्या भूमीचा इतिहास या एका गोष्टीत साठविलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी प्रावरणातील असा तप्त खडक आपल्या या भूभागाखाली वर आला. जमिनीस भेगा पडल्या, आणि त्यांतून लाव्ह्याचे पूर एकामागून एक बाहेर पसरले. एक पूर थिजावा, काही काळ जावा, त्यावर माती धरावी, आणि मग दुसरा पूर यावा, असा क्रम चालला. सह्याद्रीत त्यांची एकंदर जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास जाते. पूर्वेकडे ती कमी कमी होते. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने झाकलेला आहे, आणि महाराष्ट्राचा पाचांपैकी चार हिस्से भाग त्यात येतो. घाटाच्या कड्यावर पायऱ्यांसारखे दिसणारे टप्पे म्हणजे हे पूर होत. हाच काळा पाषाण ऊनपावसाने कुजून आपली काळी जमीन झाली. तेव्हा कपाशीच्या शेतातील ढेकूळ हातात घेतले, म्हणजे कवचाखालच्या मजल्यावरून आलेली वस्तू आपण हातात घेतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

या लाव्ह्याच्या तळाशी काय आहे, तेही आता ठाऊक झाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्यानंतर तेथे ६१७ मीटर खोल भोक पाडून पाहण्यात आले. ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली सुमारे आठ मीटर जुना गाळ, आणि त्याखाली अतिप्राचीन स्फटिकमय खडक, असा क्रम निघाला. कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला होता. तेथील भूकंपांच्या अभ्यासार्थ अलीकडे सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडण्यात आले. त्यात काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटरवर संपला आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला. या दोन्ही ठिकाणी पाषाणाचा तळ गाठल्यावर खाली गोड्या पाण्याचा समुद्र लागला नाही. खडकाखाली खडकच लागला.

मग पाणी कितव्या मजल्यावर?

येथवर आलेल्या वाचकांच्या मनात मूळ प्रश्न जागा असेलच. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एका बातमीचा खुलासा करतो. २०१४ साली ब्राझीलमध्ये सापडलेल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइट नावाच्या खनिजाचा कण आढळला. हे खनिज प्रावरणात चारशे ते साडेसहाशे किलोमीटरांच्या दरम्यान बनते, आणि त्या कणात वजनाने सुमारे दीड टक्का पाणी होते. यावरून भूगर्भात महासागर आहे, अशा मथळ्यांच्या बातम्या सर्वत्र छापून आल्या. परंतु ते पाणी वाहते नाही, साठलेले नाही, द्रवरूपही नाही. चुन्याच्या निवळीचा सुका चुना झाला तरी पाण्याचा काही अंश त्याच्या घटनेत बांधलेला राहतो. तसे ते खनिजाच्या घटनेत बांधलेले आहे. चुना पिळून जसे कोणी पाणी काढीत नाही, तसे ते पाणी कोणत्याही पंपास लागणारे नव्हे.

आपल्या विहिरीस लागते ते पाणी पाताळातून वर येत नाही. ते आभाळातून खाली गेलेले असते. पावसाचे पाणी मातीत मुरते, मुरमातून झिरपते, आणि खडकात जेथे जागा सापडेल तेथे साठते. या जागा कोणत्या, हे विहीर खोदणारांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. प्रथम काळी, मग चुनखडीची पांढरट माती, मग मुरूम, मग भेगाळलेला मऊ खडक. पुढे लाव्ह्याच्या एकेका पुराचा वरचा भाग लागतो. वायूचे बुडबुडे निघून गेल्यामुळे तो छिद्राछिद्रांचा असतो, यास मांजऱ्या खडक म्हणतात. तो कुजलेला असला तर पाणी देतो. त्याची छिद्रे गारगोट्यांनी बुजलेली असली तर देत नाही. त्याखाली पुराचा मधला भाग, म्हणजे भरीव काळा पाषाण. त्यास भेगा असतील तर पाणी, नाही तर ठणठणीत कोरडा. दोन पुरांच्या सांध्यात कोठे कोठे तांबडा गेरूचा थर लागतो. तो चिकणमातीसारखा असल्यामुळे पाणी अडवितो, आणि ओला झाला की फुगून बोअर ढासळवितो.

या सर्व जागा एकत्र केल्या तरी त्या थोड्याच असतात. वाळूच्या थरात पाणी भरपूर राहते. आपल्या खडकात शंभर घागरी खडकामागे एकदोन, फार तर तीन घागरी पाणी धरले जाते. शिवाय या जागा वरच्या भागात अधिक आणि खाली कमी असतात. याची कारणे दोन. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी खडक कुजतो तो वरूनच. आणि जसजसे खाली जावे, तसतसा वरच्या खडकाचा भार वाढून भेगा आवळल्या जातात. काळ्या पाषाणाचा घनमीटर सुमारे २.९ टन वजनाचा असतो. म्हणजे सहाशे फुटांवर दर चौरस मीटरावर पाचशे टनांहून अधिक ओझे असते. पृथ्वीच्या पोटात खाली जाणे म्हणजे अधिक ओल्या जागी जाणे नव्हे, तर अधिक आवळलेल्या आणि अधिक तप्त जागी जाणे होय.

येथे आम्हांस एकांगी बोलावयाचे नाही. खोलवरच्या दोन पुरांच्या सांध्यात, अथवा एखाद्या मोठ्या भेगेत, कधी कधी चांगले पाणी लागते. ज्यास ते लागते त्याचे नाव पंचक्रोशीत होते. परंतु ज्या दहांचे कोरडे गेले, त्यांची नावे कोणी घेत नाही. दुसरे असे की, ते खोलवरचे पाणी पुष्कळदा फार जुने असते, आणि त्यास वरून पोहोचणारी वाट अरुंद असते. पहिल्या वर्षी धो धो वाहणारे बोअर तिसऱ्या वर्षी उचक्या देऊ लागते, त्याचे कारण हेच. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. खोल बोअर वरच्या पाणी धरणाऱ्या थरांस भोक पाडून खाली जाते. मग वरचे पाणी त्या वाटेने खाली उतरते, आणि शेजाऱ्याची चाळीस फुटांची विहीर आटते. अर्थात पाताळातून आणले म्हणून जे पाणी आपण मिरवितो, ते पुष्कळदा शेजाऱ्याच्याच विहिरीतील असते. बांधावरच्या तंट्यांचे मूळ कित्येकदा येथे आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटर वा अधिक खोलीच्या विहिरीस खोल विहीर ठरवून तिच्यावर निर्बंध घातले आहेत, त्याचे मर्मही हेच आहे.

जमाखर्च

वाचक शेतकरी आहेत. त्यांस हिशेबाने पटते. म्हणून एक सोपे उदाहरण मांडतो. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला, आणि त्यातील दहावा हिस्सा खडकात मुरला असे मानले, तर ६० मिलिमीटर मुरले. आपल्या खडकाच्या जातीप्रमाणे सरकारी मापात हा हिस्सा सुमारे सात ते तेरा टक्के धरतात, तेव्हा आमचे माप कंजूषपणाचे नाही. एका एकरावर हे पाणी सुमारे २ लाख ४० हजार लिटर होते. ही झाली जमा.

आता खर्च पाहा. उसास वर्षभरात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरू. त्यातील ५०० पावसाने थेट दिले असे मानले, तरी १,५०० विहिरीतून द्यावे लागले. म्हणजे एक एकर उसासाठी पंचवीस एकरांची मुरवणूक खर्ची पडली. ती पंचवीस एकरे आपल्या एकट्याची असतील तर प्रश्न नाही. परंतु बहुधा त्यांतील वीस शेजाऱ्यांची असतात.

शिल्लक किती, तेही पाहू. पाणी धरणारा खडक दहा मीटर जाडीचा आहे आणि तो शेकडा दोन पाणी सोडतो असे धरले, तर सारी साठवण २०० मिलिमीटर भरते. ही एकदा उपसून रिकामी केली, तर पुन्हा भरण्यास, एक थेंबही न उपसता, तीन पावसाळ्यांहून अधिक काळ लागेल. ज्या घरात तीन वर्षांची मिळकत एका उन्हाळ्यात खर्च होते, त्या घराने तळघर अधिक खोल खणल्याने काय साधणार?

हा हिशेब एकट्याने न करता गावाने मिळून केला तर काय होते, याचे उदाहरण नगर जिल्ह्यातील, ज्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, हिवरे बाजार या गावी पाहावयास मिळते. हे गाव कमी पावसाच्या प्रदेशात आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखाली तेथील लोकांनी डोंगरउतारावर पाणी अडविले, शेतीसाठी बोअर घेण्यास आळा घातला, आणि दर वर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याची वहिवाट घातली. या गावास पाताळ सापडले नाही; त्यास आपल्या वरच्या चाळीस फुटांची किंमत कळली.

आमच्या सूचना

वरील विवेचन महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशास लागू आहे. तापी व पूर्णा यांच्या काठी गाळाचे जाड थर आहेत, पूर्व विदर्भात ग्रॅनाइटासारखे प्राचीन खडक आहेत, दक्षिण कोकणात जांभा आहे. तेथील नियम थोडे निराळे आहेत. मात्र तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यातही उपसा मुरवणुकीपेक्षा वाढून पातळी खाली गेली आहे, हे विसरू नये. जमाखर्चाचा नियम सर्वत्र एकच आहे.

तेव्हा ज्यांच्या दारात यंत्र उभे आहे, त्यांनी ते परत पाठविण्यापूर्वी वा चालू करण्यापूर्वी पुढील गोष्टींचा विचार करावा.

१. विहिरीतील पाण्याची पातळी वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा अक्षय्य तृतीयेस, दोरी सोडून मोजावी आणि वहीत लिहावी. पाचसात वर्षांची अशी वही कोणत्याही पाणाड्याच्या नारळापेक्षा अधिक खरे बोलते. त्या नारळास शास्त्राचा आधार नाही.

२. विहीर अथवा बोअर घेताना किती फुटांवर कोणता थर लागला, हे त्याच वेळी टिपून ठेवावे. बोअरमधून निघणाऱ्या भुकटीचा रंग बदलताच नमुना कागदात बांधून त्यावर खोली लिहावी. आपली व शेजाऱ्यांची अशी टिपणे एकत्र केली, म्हणजे मांजऱ्या कोठे व भरीव पाषाण कोठे, याचा गावापुरता नकाशा आपोआप तयार होतो.

३. बोअर कोरडे गेल्यास "आणखी शंभर फूट" हा निर्णय यंत्र चालू असताना घेऊ नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून आपल्या पाणलोटाची स्थिती समजावून घ्यावी.

४. जेथे नाल्याच्या पात्रात कुजलेला मांजऱ्या खडक अथवा मुरूम उघडा पडला असेल, तेथे बांध घालावा; तेथे अडविलेले पाणी मुरते. भरीव पाषाणावर अडविलेले पाणी बहुतांशी उन्हात उडून जाते.

५. आटलेल्या विहिरीत पावसाचे पाणी सोडावयाचे असल्यास ते दगड, खडी व वाळू यांच्या गाळणीतून सोडावे. गढूळ पाण्याने खडकाच्या भेगा बुजतात. खते व औषधे फवारलेल्या शेताचे पाणी तर कधीही सोडू नये. एकदा बिघडलेले भूजल सुधारण्यास फार वर्षे लागतात.

६. पीक ठरविताना पावसाची जमा पाहून ठरवावे, आणि हे शक्य तो आपल्या नाल्याच्या दोन्ही काठांवरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून करावे. खडकातील पाण्यास बांध ठाऊक नसतो.

असो. पृथ्वीच्या पोटात २,८९० किलोमीटर खडक, त्याखाली २,२६० किलोमीटर वितळलेले लोखंड आणि त्याखाली १,२२० किलोमीटर घन लोखंड आहे. ही मालमत्ता कोणाच्याही सातबाऱ्यावर नाही, आणि तिच्यापासून आपणांस एक भांडेही पाणी मिळावयाचे नाही. आपल्या वाट्यास आलेली पृथ्वी ही खसखशीच्या दाण्याएवढी जाड आहे. तिच्यात गेल्या पावसाळ्याने ठेवलेले पाणी आहे, आणि ते आपल्याबरोबर शेजाऱ्याचेही आहे. पुढील वैशाखात "आणखी खाली जावे काय?" असा प्रश्न करणारांस आमचे उत्तर एवढेच की, खाली जाण्यापूर्वी एकदा वर पाहावे, जे भरावयाचे ते तेथूनच येते, आणि त्याची तयारी वैशाखातच करावी लागते.